सुतळी आणि लाख



एक फोटो तुम्ही सगळ्यांनी पाहिलेला आहे. वर्तमानपत्रात वर्षातून पाचपन्नास वेळा तरी येतो. लांब टेबल, त्यावर चिकटपट्टीने गुंडाळलेल्या पुड्यांची चळत, मागे ओळीने उभे अधिकारी, कडेला तोंडावर काळं फडकं घातलेले दोघे-तिघे. वर मथळा: अमुक कोटींचे अमली पदार्थ जप्त. आपण आकडा वाचतो, ‘बापरे’ म्हणतो आणि पान उलटतो.

मला आज बोलायचं आहे ते फोटो काढून झाल्यानंतरचं. टेबल आवरल्यावर त्या पुड्या जातात कुठे? ज्या खोलीत ठेवतात तिची किल्ली कुणाकडे असते? आज केलेलं वजन पाच वर्षांनी कोर्टात तेवढंच भरतं का? आणि खटला संपल्यावर त्या मालाचं होतं काय?

मी आयुष्यभर फौजदारी वकिली केली. आधी आरोपीच्या बाजूने, नंतर काही वर्षं सरकारच्या बाजूने. ज्या वकिलांच्या स्मरणार्थ हे व्याख्यान आहे, त्यांच्याच ऑफिसात मी उमेदवारी केली. अमली पदार्थांचं पहिलं प्रकरण हातात आलं तेव्हा मी उत्साहाने खबर कुणी दिली, धाड कशी पडली ते वाचत बसलो होतो. त्यांनी कागद ओढून घेतले आणि शेवटून वाचायला सांगितलं. आधी प्रयोगशाळेचा अहवाल, मग मालखान्याची, म्हणजे जप्त माल ठेवायच्या खोलीची, नोंद, मग पंचनामा. खटला मागून पुढे वाचायचा. त्याचा अर्थ कळायला मला दहा वर्षं लागली. पकडणं हे एका रात्रीचं काम असतं. सांभाळणं हे दहा वर्षांचं. आणि आपली यंत्रणा पहिल्यात जेवढी तरबेज, तेवढीच दुसऱ्यात ढिली.

आधी पकडण्याबद्दल थोडं बोलतो.

कस्टम्स आणि पोलीस हे दोघे एकाच शत्रूशी लढतात, पण उलट टोकांनी. कस्टम्सच्या हाती आधी माल लागतो, मग माणूस शोधावा लागतो. पोलिसांच्या हाती खबऱ्यामुळे आधी माणूस लागतो, मालाचा खरा धनी मात्र बहुतेक वेळा हुलकावणी देतो.

आपलं न्हावा शेवा बंदरच घ्या. २०२३-२४ या एका वर्षात, वीस फुटी पेट्यांच्या हिशेबाने, तिथून ६४ लाख पेट्यांची ये-जा झाली. एकेक उघडून पाहायची ठरवली तर देशातला निम्मा व्यापार थांबेल. म्हणून संगणक ठरवतो कुणावर संशय घ्यायचा. माल कुठल्या देशातून आला, कुठल्या बंदरांवरून फिरून आला, मागवणारी पेढी कालपरवाच जन्मली आहे का, मालाची किंमत आणि त्यावर झालेला वाहतूक खर्च यांचा मेळ बसतो का. म्हणजे हे काम बरंचसं हिशेबनिसाचं. बाकी मग एक्स-रे, कुत्रे आणि खबर.

तरी पलीकडच्यांची कल्पकताही दाद देण्यासारखी. ऑगस्ट २०२०मध्ये न्हावा शेवाला १९१ किलो हेरॉइन सापडलं, ते प्लास्टिकच्या नळ्यांत भरलेलं. त्या नळ्यांना बांबूसारखा रंग दिलेला आणि सोबत आयुर्वेदिक औषधाची बतावणी. सप्टेंबर २०२१मध्ये गुजरातच्या मुंद्रा बंदरात महसूल गुप्तचर संचालनालयाने, म्हणजे डीआरआयने, दोन कंटेनर अडवले. कागदोपत्री माल होता टाल्कचे दगड. अफगाणिस्तानातून निघून इराणच्या बंदर अब्बासमार्गे आलेला. वर दगड, खाली हेरॉइन, आणि तेही २९८८ किलो. त्याच्या पुढच्या वर्षी दिल्ली पोलिसांनी न्हावा शेवातून एक कंटेनर ताब्यात घेतला. त्यात २० टनांहून जास्त ज्येष्ठमध होता आणि त्याच्या काड्यांवर हेरॉइनचा लेप दिलेला होता. आजीच्या बटव्यातला ज्येष्ठमध!

आता गंमत अशी, की या मुंबईच्या किनाऱ्यावरून एकोणिसाव्या शतकात माळव्याची अफू पेट्या भरभरून चीनला जात होती, आणि कंपनी सरकार तिच्यावर पास देऊन कर घेत होतं. चोरून नाही, राजरोस. शहरातल्या कितीतरी इमारतींचा पाया त्या पैशावर उभा आहे. सरकारी तिजोरीत अफूचा पैसा मोजणाऱ्यांच्या खुर्चीत बसून आजचे अधिकारी अफूचे वारस पकडतात. असो, विषयांतर झालं.

माल दिसला की लगेच झडप घालायची असं नाही. अमली पदार्थांच्या कायद्यात २००१मध्ये कलम ५०-अ घातलं गेलं. इंग्रजीत त्याला ‘कंट्रोल्ड डिलिव्हरी’ म्हणतात, आपण म्हणू ‘नजरेखालची पाठवणी’. कंटेनर ओळखायचा, पण पकडायचा नाही. अमली पदार्थ नियंत्रण ब्युरोच्या, म्हणजे एनसीबीच्या, महासंचालकांची किंवा त्यांनी अधिकार दिलेल्या अधिकाऱ्याची परवानगी घ्यायची आणि माल पुढे जाऊ द्यायचा. घ्यायला कोण येतं ते पाहायचं. १९८८च्या व्हिएन्ना करारात तर मूळ माल काढून त्याजागी दुसरंच काही भरून पाठवायचीही मुभा आहे. ऐकायला सिनेमासारखं वाटतं ना? प्रत्यक्षात कित्येक दिवस गोदामाबाहेर गाडीत बसून राहायचं असतं, आणि शेवटी माल घ्यायला येतो तो दोन हजार रुपयांवर नेमलेला टेम्पोवाला. मग पुन्हा प्रश्न तोच: याच्या मागे कोण?

विमानतळावरचा प्रकार निराळा. तिथे माल माणसाच्या पोटात असतो. कोकेनच्या कॅप्सूल गिळून आलेला प्रवासी पकडला, तर सीमाशुल्क कायद्याच्या कलम १०३खाली मॅजिस्ट्रेटची परवानगी काढावी लागते. मग एक्स-रे, मग सरकारी रुग्णालय, मग वाट पाहणं. केळी खायला देतात. दोन-दोन, तीन-तीन दिवस अधिकारी पलंगाशेजारी बसून असतो. एक कॅप्सूल पोटात फुटली तर समोरचा माणूस मेला, हे दोघांनाही माहीत असतं. हे काम करणाऱ्यांचा फोटो कुणी काढत नाही. पकडला जाणारा बहुतेकदा परदेशातला गरीब माणूस असतो, हेही सांगून ठेवतो.

इथवरचं झालं पकडण्याचं. आता खरा विषय.

आपला अमली पदार्थांचा कायदा, एनडीपीएस, १९८५चा. लागू झाला १४ नोव्हेंबरला. बालदिनाला, तो योगायोगच. त्याआधी जुन्या अफू कायद्यांत आणि १९३०च्या कायद्यात शिक्षा किरकोळ होत्या. ऐंशीच्या दशकात मुंबई-पुण्याच्या गल्ल्यांत ‘गर्द’, म्हणजे ब्राऊन शुगर, हा शब्द आला. अनिल अवचटांनी त्यावर लिहिलं. १९८६मध्ये पुण्यात मुक्तांगण हे व्यसनमुक्ती केंद्र उभं राहिलं, पु. ल. देशपांडे आणि सुनीताबाई त्यामागे उभे राहिले. तुमच्यातल्या साठीच्या पुढच्यांना ते दिवस आठवत असतील. त्या भीतीच्या वातावरणात हा कायदा कडक झाला. किती कडक? हेरॉइन पाव किलोच्या वर, गांजा वीस किलोच्या वर, मेफेड्रोन, ज्याला पोरं एमडी म्हणतात, ते पन्नास ग्रॅमच्या वर सापडलं, तर ती झाली ‘व्यावसायिक मात्रा’. शिक्षा दहा ते वीस वर्षं. जामीन जवळजवळ अशक्य. आणि ज्याच्याकडे माल सापडला त्याच्या मनात गुन्ह्याचा हेतू होता, हे कोर्टाने गृहीत धरायचं.

बघा, वर्तमानपत्र कोटींत बोलतं, कायदा ग्रॅममध्ये. मुंद्र्याच्या मालाची किंमत २१ हजार कोटी सांगितली गेली. कायद्याच्या दृष्टीने तो आकडा निरर्थक आहे. कायदा विचारतो: वजन किती? कुणी केलं? कशावर केलं? कुणासमोर केलं?

कायदा एवढा कडक असल्यामुळे त्याने पकडणाऱ्याचेही हात बांधले. खबर मिळाली तर आधी कागदावर लिहा आणि ७२ तासांत वरिष्ठाकडे पाठवा. माणसाच्या अंगाची झडती घ्यायची असेल तर त्याला सांगा, की राजपत्रित अधिकाऱ्यासमोर किंवा मॅजिस्ट्रेटसमोर झडती देण्याचा तुला हक्क आहे. हे अंगझडतीलाच लागू, पिशवीला नाही! खिशातली पुडी आणि खांद्यावरच्या झोळीतली पुडी यांत कायद्याने जमीन-अस्मानाचा फरक. अटक किंवा जप्तीचा अहवाल ४८ तासांत. तरुण फौजदार वैतागून म्हणतात, ‘साहेब, आम्ही गुन्हेगार पकडायचा की फॉर्म भरायचे?’ त्यांचा वैताग मला कळतो. पण ज्या कायद्यात वीस वर्षं आत घालायची ताकद आहे, त्यात फॉर्म हीच सामान्य माणसाची ढाल असते.

२०२०पर्यंत एक मोठी पळवाट होती. एनसीबी किंवा डीआरआयचा अधिकारी ‘पोलीस’ नाही असं मानून, कलम ६७खाली त्याच्यापुढे दिलेला कबुलीजबाब पुरावा म्हणून चालायचा. लोकांना वीस वीस वर्षं लागली ती त्या कबुलीवर. तूफान सिंग खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने, दोन विरुद्ध एक अशा मताने, हे बंद केलं. त्या दिवसापासून सगळा भार आला मालावर. माणूस काय बोलला ते सोडा, पुडी काय बोलते ते दाखवा.

आणि पुडी बोलते ती सुतळी आणि लाख यांच्या भाषेत.

जागेवर आधी किट काढतात. मार्क्विस नावाच्या रसायनात हेरॉइन जांभळं होतं, दुसऱ्या एका रसायनात कोकेन निळं. ही नुसती प्राथमिक चाचणी, पुरावा नव्हे. मग वजन, मग पाकीट. त्याला सुतळी, सुतळीच्या गाठीवर वितळवलेली लाख, त्या लाखेवर पितळी मोहर. पाकिटावर पंचांच्या सह्या. ती मोहर मग कुणाकडे राहिली? हा प्रश्न मी उलटतपासणीत शेकडो वेळा विचारला आहे, आणि दर दहातल्या तीन-चार वेळा साक्षीदार अडखळला आहे. मोहर जर त्याच अधिकाऱ्याच्या खिशात होती, तर पाकीट उघडून पुन्हा बंद करायला त्याला कुणी अडवलं होतं?

नमुने किती काढायचे? १९८८-८९च्या स्थायी आदेशांनी ठरवलं: हेरॉइन वगैरेचे पाच ग्रॅम, अफू, गांजा, चरस यांचे चोवीस ग्रॅम, दोन-दोन प्रती, आणि ७२ तासांत प्रयोगशाळेकडे. आता पाहा. शंभर पोती गांजा आहे. सगळी पोती एकत्र कालवून एक नमुना काढला तर तो नमुना कुठल्या पोत्याचा? एका पोत्यात नुसती पानं असतील तर? कायद्याच्या व्याख्येत गांजा म्हणजे झाडाचे फुलोऱ्याचे शेंडे. शेंडे सोबत नसतील तर नुसती पानं आणि बिया गांजा नाहीत. म्हणून तर होळीला भांग घेणारे सुटतात! आणि गांजा वाळतो. पकडला तेव्हा ओला, कोर्टात आला तेव्हा चुरा. वजनातली तूट निसर्गाने केली की शिपायाने, हे काटा सांगत नाही.

त्या ज्येष्ठमधाचा विचार करा. वीस टन काड्या, वर लेप. वजन कशाचं धरायचं? २००८मध्ये न्यायालय म्हणालं होतं, भेसळ वगळून शुद्ध अमली पदार्थ मोजा. २०२०मध्ये हिरा सिंग खटल्यात म्हणालं, सगळ्या मिश्रणाचं वजन धरा. दोन निकालांमधल्या बारा वर्षांत एकाच वजनाच्या पुडीसाठी एकाला दोन वर्षं आणि दुसऱ्याला दहा, असं होऊ शकत होतं. पण लेप लावलेली काडी हे ‘मिश्रण’ की काडी हे नुसतं ‘वेष्टन’? वकिलांच्या दोन पिढ्या यावर जगतील.

मालखाना तुमच्यापैकी कितीजणांनी पाहिला आहे? हात वर करू नका, उगाच शेजारी वेगळ्या नजरेने बघतील. पोलीस ठाण्याच्या मागच्या बाजूची एक खोली. खिडकीला जाळी, जाळीला भोकं. आत चोरीच्या सायकली, हाणामारीतल्या काठ्या, हातभट्टीचे कॅन, कुणाच्या तरी आत्महत्येचा दोर, आणि त्याच रांगेत कोट्यवधींची पाकिटं. एक मुद्देमाल कारकून, एक रजिस्टर, पावसाळ्यात ओल. माझ्या एका खटल्यात पाकीट न्यायाधीशांसमोर आलं तेव्हा लाख उन्हाने पाघळून चिठ्ठीवर पसरली होती. कुणाची सही आहे तेच दिसेना. आरोपी सुटला. मी त्याचा वकील होतो. फी घेतली. तो निर्दोष होता की नव्हता, मला आजही माहीत नाही, आणि खरं म्हणजे कुणालाच कळण्याचा मार्ग उरला नव्हता. ज्या ठाण्याची ती गोष्ट त्याचं नाव घेत नाही. नावाने काही फरक पडत नाही.

आणि उंदीर! २०२२मध्ये मथुरेच्या न्यायालयात पोलिसांनी अहवाल दिला, की दोन ठाण्यांत ठेवलेला पाचशे किलोंहून जास्त गांजा उंदरांनी खाल्ला. देशभर हशा पिकला. हसण्यासारखंच होतं. पण त्याच्या सहा वर्षं आधीची गोष्ट हसण्यासारखी नाही. २८ जानेवारी २०१६, युनियन ऑफ इंडिया विरुद्ध मोहनलाल. राज्याराज्यांतून माहिती मागवल्यावर सर्वोच्च न्यायालयाच्या लक्षात आलं, की २००२ ते २०१२ या काळात जप्त केलेल्या मालापैकी फार तर १६ टक्के नष्ट झाला होता. सोळा! उरलेला ८४ टक्के? तो मालखान्यात आहे, की मागच्या दाराने पुन्हा बाजारात गेला, याचा केवळ अंदाज करायचा. म्हणजे आपण टेबलामागे उभं राहून फोटो काढत होतो आणि टेबलावरच्या मालाचा ठावठिकाणा आपल्यालाच नव्हता.

न्यायालयाने तेव्हा बजावलं: जप्त करा, ताबडतोब मॅजिस्ट्रेटकडे जा, त्याच्यासमोर यादी, फोटो आणि नमुने, त्याची सही, आणि मग उरलेला माल खटला संपायची वाट न बघता जाळून टाका. ती सही हाच पुरावा. गंमत म्हणजे कलम ५२-अ हे सगळं १९८९पासून सांगत होतं. सत्तावीस वर्षं ते पुस्तकात झोपलं होतं. २०२२च्या डिसेंबरात केंद्राने नवे नियम काढले आणि नमुने काढायचे ते मॅजिस्ट्रेटसमोरच, हे पक्कं केलं. कलम ५२-अ न पाळल्यामुळे २०२३मध्ये काही आरोपी थेट सर्वोच्च न्यायालयातून सुटले. मग जानेवारी २०२५मध्ये त्याच न्यायालयाने थोडी मुरड घातली: नुसती ही चूक झाली म्हणून खटला आपोआप पडणार नाही, बाकीचा पुरावा भक्कम आहे का ते पाहा. मला हा निकाल व्यवहाराला धरून वाटतो. पण भीती अशी, की ‘चालतंय की’ म्हणणाऱ्यांना पुन्हा उशी मिळाली.

जाळायचं कुठे? आपल्याकडचा बराच माल नवी मुंबईजवळ तळोज्याला, घातक कचऱ्याच्या भट्टीत जातो. उघड्यावर पेटवला तर सगळं गाव झिंगेल. त्यासाठी एक समिती असते, तिच्या अधिकारालाही मापं आहेत: एका वेळी हेरॉइन पाच किलोपर्यंत, गांजा हजार किलोपर्यंत. त्याहून जास्त असेल तर वरच्या समितीकडे. पाकिटं मोजायची, सील तपासायची, वजन पुन्हा करायचं, मग भट्टी. अफू मात्र जाळत नाहीत. ती गाझीपूर किंवा नीमचच्या सरकारी कारखान्यात जाते आणि तिच्यातून औषधाचं मॉर्फिन निघतं. चोराच्या पोत्यातून निघालेली अफू कुणाच्या तरी कॅन्सरच्या वेदना थांबवते. या सगळ्या रूक्ष व्यवहारात मला आवडणारी गोष्ट एवढी एकच.

प्रयोगशाळांवर फार बोलत नाही. कलिन्याच्या सरकारी प्रयोगशाळेत बसलेले ते शास्त्रज्ञ पाच ग्रॅमच्या पुडीवर माणसाची वीस वर्षं ठरवतात. त्यांना माणसं द्या, यंत्रं द्या. धाडीच्या बक्षिसांना पैसा मिळतो, तराजूला मिळत नाही.

आता शेवटचा मुद्दा, आणि तो तुमच्याबद्दल आहे.

या सगळ्या साखळीत सरकारी पगार न घेणारा एकच माणूस आहे. पंच. तो म्हणजे तुम्ही आणि मी. पंचनाम्याला मोल आहे ते त्याच्या सहीमुळे. आणि हा माणूस मिळत नाही. हवालदार रात्री अकराला सोसायटीत येतो, चार दारं वाजवतो. पहिल्यात सांगतात तब्येत बरी नाही, दुसऱ्यात सांगतात साहेब गावाला गेलेत, तिसरं उघडतच नाही. मग तो जातो ठाण्याबाहेरच्या चहावाल्याकडे. हाच चहावाला मागच्या वर्षी सात पंचनाम्यांत पंच होता. कोर्टात मी उभा राहून विचारतो, ‘तुम्ही याआधी किती वेळा पंच झालात?’ आणि तिथेच खटल्याला भोक पडतं. पंच फितूर झाला म्हणून आपण पोलिसांना नावं ठेवतो. त्या रात्री दार कुणी लावून घेतलं होतं?

नव्या नागरिक सुरक्षा संहितेने १ जुलै २०२४पासून झडतीचं चित्रीकरण सक्तीचं केलं. उत्तम झालं. पण कॅमेरा पिंजऱ्यात उभा राहून शपथ घेत नाही. आणि लेखी बोलावल्यावर योग्य कारणाशिवाय पंच व्हायला नकार देणं हा आपल्याकडे गुन्हा आहे, हे या सभागृहातल्या किती जणांना ठाऊक आहे?

तेव्हा माझी विनंती एवढीच. हवालदार दारात येऊन ‘जरा पंच म्हणून येता का’ असं विचारेल, तेव्हा चष्मा घ्या आणि चपला घाला. काट्यावरचा आकडा स्वतःच्या डोळ्यांनी वाचा. लाख तुमच्यासमोर वितळली का, मोहर कुणाकडे गेली ते बघा. वाचल्याशिवाय सही करू नका, आणि पाच वर्षांनी कोर्टाचं समन्स आलं तर त्या दिवशी गावाला जाऊ नका.